गाण्याने दिलेला आडोसा

आपण या कार्यक्रमात कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, शेळ्यांच्या लसीकरणावर बोलतो, अंगणवाडीवर बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. एखादी सासूबाई घरात आहेत म्हणून रेडिओचा आवाज बारीक करेल. तरी ऐका. कारण विषय गाण्याचा आहे, आणि गाण्यावाचून आपलं एकही कार्य पार पडत नाही.

काही पुरुषांना पुरुषाबद्दलच प्रेम वाटतं, काही बायांना बाईबद्दलच. त्यांना समलिंगी म्हणतात. इंग्रजीतला 'गे' हा शब्दही आता सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे. या माणसांना पिढ्यान् पिढ्या लपून राहावं लागलं. ती एकमेकांना भेटली, धीर धरून उभी राहिली आणि हक्क मागू लागली, त्यात नाचगाण्याचा फार मोठा वाटा आहे. ही गाणी काही अवघड नव्हती. सिनेमाची, लावणीची, डिस्कोची, लोकांच्या तोंडात बसलेली गाणी होती. हे कसं घडलं ते आज सांगते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण आपण त्या एकाच टोपलीत टाकतो. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, फक्त त्याचं मन पुरुषावर जडतं. तृतीयपंथी व्यक्तीला जन्माच्या वेळी जे लिंग सांगितलं गेलं ते आपलं वाटत नाही. आणि नाच्या किंवा स्त्रीभूमिका करणारा नट हा कलाकार असतो. त्याच्या पोशाखावरून त्याचं मन ओळखता येत नाही. या तिघांना लोक एकाच शिवीने हाक मारतात, म्हणून त्यांचं दुखणं एकमेकांना कळतं, एवढंच.

गाण्यात बोलता येतं

आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याचा राग हे त्या कुणाशी बोलत नव्हत्या. पण दळताना ओवीत सगळं यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बोलली असती तर जिला मार बसला असता, तिने तीच गोष्ट गाऊन सांगितली आणि घराने ऐकून घेतली. मंगळागौरीला, भोंडल्याला सासूची चेष्टा करणारी गाणी आपण सासूसमोरच म्हणतो. गाणं म्हटलं की माफ असतं.

म्हणजे गाणं हा एक आडोसा आहे. शब्द दुसऱ्याचे असतात, म्हणून कुणी पकडू शकत नाही. भाव मात्र आपला असतो. दुसरं असं की गाण्यामुळे माणसं एका जागी जमतात आणि आपल्यासारखं आणखी कुणी आहे हे कळतं. तिसरं, अंग मोकळं होतं. आपल्या लोणीला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. फुगडी घालताना समोरची कोण, कुठल्या गावची, कुठल्या जातीची, हे कोण विचारतं? नाचताना लाज आणि भीती थोडा वेळ खाली ठेवता येते.

आडोसा, माणसं जमणं आणि अंग मोकळं होणं, या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढची सगळी हकीकत त्यांच्यावरच उभी आहे.

आपल्या मातीतला रंगमंच

आपल्याकडे पुरुषाने बाईच्या वेशात नाचणं नवं नाही. तमाशात बाया नाचू लागल्या त्याच्या आधी नाच्या पोऱ्याच नाचत असे. पठ्ठे बापूरावांबरोबर पवळा उभी राहिली, तेव्हापासून बाईचं नाव गाजू लागलं. संगीत नाटकात बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे, आणि पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरच्या बाया त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घडवून घ्यायच्या. त्यांना लोकमान्यांनी बालगंधर्व म्हटलं, असं सांगतात. केवढा तो मान!

पण हा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हटलं की कोल्हापूरचे गणपत पाटील आठवतात. ते घरसंसार असलेले, बायकामुलांचे गृहस्थ होते. पण पडद्यावरची ती लचक लोकांनी त्यांच्या पाठीला कायमची चिकटवली, आणि चेष्टा घरापर्यंत आली. 2010 च्या जानेवारीत 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा सिनेमा, दिग्दर्शक रवी जाधव, संगीत अजय-अतुल. त्यातल्या लावण्यांवर आपण लग्नात, हळदीत, स्नेहसंमेलनात किती नाचलो! पण त्या सिनेमाची गोष्ट काय आहे? अंगापिंडाने पैलवान असलेला गुणा कलेपायी नाच्या होतो आणि त्यापायी त्याला घरादाराला पारखं व्हावं लागतं, अत्याचार सोसावा लागतो. लावण्या आपण उचलल्या, गुणाला मात्र थिएटरातच सोडून आलो.

समलिंगी मुलांना हा रंगमंच का हवासा वाटतो, ते आता कळेल. ज्या पोराला आपलं चालणं, हात हलवणं, बोलणं दिवसभर आवरून धरावं लागतं, त्याला लावणीच्या दहा मिनिटांत ते मोकळं सोडता येतं. वर शिट्ट्या आणि टाळ्या मिळतात. मुंबईत 'बिन बायकांचा तमाशा' या नावाने फक्त पुरुषांनी केलेल्या लावणीचे प्रयोग झाले, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. गावातही गणपतीत, जत्रेत एखादा पोरगा अशी लावणी करतो की आपण बायाच पुढे बसून नोटा काढतो.

आमच्या भागातल्या एका वाडीत असाच एक मुलगा नाचला होता. मंडळाने बक्षीस दिलं. दुसऱ्या दिवसापासून चौकातून जाताना त्याला 'बायल्या' म्हणून हाका. पुढच्या वर्षी तो नाचला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो गावातच नव्हता. आडोसा एका रात्रीचा असतो, सकाळ उजाडली की माणूस पुन्हा उघड्यावर येतो, हे तेव्हा मला कळलं.

एका रात्रीच्या नाचातून रोजच्या जगण्याचा हक्क कसा मागितला गेला, ते पाहायला जरा लांब जावं लागेल.

न्यूयॉर्कचा बार आणि डिस्को

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात 1960 च्या दशकात समलिंगी माणसांना दारू दिली म्हणून बारचा परवाना जात असे. पुरुष पुरुषाबरोबर नाचला तर पोलीस धरून नेत. तिथे 'स्टोनवॉल इन' नावाचा एक बार होता. चालवणारे कुणी पुण्यवान नव्हते, गुंडांच्या टोळीच्या हातात तो होता. पण तिथे नाणं टाकलं की गाणं वाजणारं यंत्र होतं आणि नाचायला मुभा होती. म्हणून घरातून हाकललेली पोरं, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष आणि बाया तिथे जमायच्या. 28 जून 1969 च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नेहमीच पडत. लोक मान खाली घालून निघून जात. त्या रात्री मात्र कुणी हललं नाही. दंगल झाली, पुढचे काही दिवस रस्ता धुमसत राहिला. बरोबर एका वर्षाने, 28 जून 1970 ला, लोकांनी उघड्या रस्त्यावरून मोर्चा काढला. आज जगभर जून महिन्यात असे मोर्चे निघतात, ते त्याची आठवण म्हणून.

यानंतरची गोष्ट बचत गटाच्या बायांना आवडेल. न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्यांनी आग विझवणाऱ्या बंबाची एक जुनी इमारत भाड्याने घेतली आणि शनिवारी रात्री तिथे नाच ठेवायला सुरुवात केली. तिकिटाचे पैसे चळवळीच्या कामाला लागले. आपण गटाच्या स्टॉलवर पापड-कुरडया विकून निधी उभा करतो, तसंच ते. नाचायला येणारा माणूस तिथे पत्रकं वाचायचा, सभेला थांबायचा.

याच काळात काळ्या लोकांच्या आणि समलिंगी लोकांच्या क्लबांमधून डिस्को संगीत वाढलं. सिल्व्हेस्टर नावाचा एक काळा गायक होता. लहानपणी तो चर्चमध्ये भजनं गायचा. तो उघडपणे समलिंगी होता, बाईसारखे कपडे घालून, उंच आवाजात गायचा. 1978 साली त्याचं गाणं जगभर वाजलं. नंतर एड्सची साथ आली. क्लबात नाचणारी हजारो तरुण माणसं गेली. सिल्व्हेस्टरही 1988 मध्ये एड्सनेच गेला. जाताना त्याने आपल्या गाण्यांचं पुढचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना लिहून दिलं.

शिकागो शहरात 'वेअरहाउस' नावाचा क्लब होता. तिथे 1977 पासून फ्रँकी नकल्स हा समलिंगी डीजे गाणी वाजवायचा. त्या क्लबच्या नावावरून 'हाउस' हा संगीताचा प्रकार ओळखला जाऊ लागला. आपल्या वरातीत आणि विसर्जनात डीजेवर जो एकसारखा ठोका छातीत धडधडतो ना, त्याच्या वंशावळीत हे क्लबही आहेत. ज्या पोरांना वरातीत कुणी हसतं, त्यांच्यासारख्यांनीच तो ठोका घडवला, हे नाचणाऱ्यांना माहीत नसतं.

मुंबईची शनिवारची रात्र

डिस्को आपल्याकडेही आला. 1980 साली 'कुर्बानी' सिनेमातलं नाझिया हसनचं गाणं घरोघरी गेलं. त्याचा संगीतकार बिद्दू मूळचा बेंगळुरूचा, काम करायचा लंडनमध्ये. 1982 मध्ये मिथुनचा 'डिस्को डान्सर' आला आणि गावचा न्हावीसुद्धा मिथुनसारखे केस कापून देऊ लागला. पण समलिंगी माणसाला आपल्यासारखा दुसरा कुठे भेटणार, हा प्रश्न तसाच होता. इंग्रजांनी 1860 मध्ये केलेल्या दंड संहितेत 377 नावाचं कलम होतं. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप अशी शिक्षा होती. खटले फार होत नसत, पण त्या कलमाचा धाक दाखवून पैसे उकळणं सोपं होतं.

1990 मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे मासिक सुरू केलं. 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. त्याच दशकात कुलाब्यातल्या 'वूडूज' नावाच्या पबमध्ये शनिवारी रात्री समलिंगी पुरुष जमू लागले. 1998 मध्ये संगणकावरच्या पत्रव्यवहारातून 'गे बॉम्बे' हा गट तयार झाला. त्यांच्या भेटी सुरू झाल्या, नाचाच्या पार्ट्या सुरू झाल्या, आणि पुढे आईवडिलांसाठी बैठकाही झाल्या.

या पार्ट्यांत इंग्रजी गाणी वाजत, पण मजलिस रंगायची ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर. हेलन, रेखा, श्रीदेवी, माधुरी. बायांचीच गाणी का? कारण आपल्या सिनेमात मनातली ओढ उघड बोलायची मुभा गाण्यातल्या बाईलाच असते. 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये अनारकली भर दरबारात, बादशहासमोर नाचत, आपल्या प्रेमाची कबुली देते. ज्याने आयुष्यभर ते लपवलं, त्याला ते गाणं स्वतःचं वाटणार नाही तर काय?

हेही सांगायला हवं की त्या रात्री सगळ्यांसाठी नव्हत्या. तिकिटाला पैसे लागत, कपडे बरे लागत, इंग्रजीचा आधार लागे. आणि बायांचं काय? रात्री अकराला घराबाहेर पडणं शहरातल्या बाईलाही सोपं नाही. म्हणून बाईवर प्रेम करणाऱ्या बायांनी वेगळ्या वाटा शोधल्या. मुंबईत 1995 मध्ये त्यांचा 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला. आपल्या गावच्या पोरापोरींना मुंबई लांबच. त्यांचा क्लब म्हणजे मोबाइल. टिकटॉकवर खेड्यातली किती मुलं लावणी करायची! जून 2020 मध्ये ते बंद झालं, आता रील्स आल्या. खाली लिहिलेल्या शिव्या वाचल्या की चौकातल्या हाका आठवतात.

नाचातून मोर्चा, मोर्चातून कायदा

अंधारात नाचलेली माणसं उजेडात यायला वेळ लागला. मुंबईत ऑगस्ट 2008 मध्ये मोठा मोर्चा निघाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला होता, तिथे डिसेंबर 2011 मध्ये पहिला मोर्चा झाला. अशा मोर्चांत ढोल वाजतो, सिनेमाची गाणी होतात, लोक नाचत जातात. काही जणांना तो तमाशा वाटतो. पण आपण संयुक्त महाराष्ट्र शाहिरांच्या डफावर मिळवला. भीमगीतांनी वस्त्यावस्त्यांत माणसं ताठ उभी केली. 1983 मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' गावोगाव गाजलं, ते गाण्यांवरच. नाचत हक्क मागणं ही आपलीच रीत आहे.

कायद्याचा रस्ता वळणावळणाचा होता. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांपुरतं कलम 377 बाजूला काढलं. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. 15 एप्रिल 2014 ला तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मिळाली. त्या लढ्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या. त्या मूळच्या नर्तिका. नाचामुळे त्यांनी लहानपणी चेष्टा सोसली, आणि नाचाच्याच बळावर त्या उभ्या राहिल्या. शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. म्हणजे आज प्रेम गुन्हा नाही, पण लग्नाची नोंद होत नाही.

आपल्या उंबऱ्यापाशी

मैत्रिणींनो, क्लब मुंबईत, न्यायालय दिल्लीत. पण या मुलांचं भलंबुरं ठरतं ते घरात, आणि घरात आपण असतो.

एका बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "पोराचं लग्न लावून दिलं की सुधारेल का?" मी म्हटलं, "ताई, तुमचा पोरगा बिघडलेलाच नाही, तर सुधारायचं काय? आणि ज्या मुलीशी लावाल, ती कुणाची तरी लेक आहे." त्या बराच वेळ गप्प बसल्या. या विषयात आपल्या बायांचं जे पणाला लागलेलं असतं ते हेच. पोराला दडवण्यासाठी केलेल्या लग्नात एक पोरगी आयुष्यभर विचार करत बसते की माझ्यात काय कमी आहे. तिला कुणी काही सांगत नाही. आणि पोरीचं मन पोरीवर असताना तिला बळेच बोहल्यावर चढवलं, तर तिचे हाल विचारायलाच नकोत.

दुसरं, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलं की समलिंगी माणसाला 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे. मग अंगारा, गंडा, मारझोड यांचं तर नावच नको. पोरगं गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर सरकारचा 'टेली मानस' हा फोन आहे, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि तिसरं, आईबाप एकटे नाहीत. 2017 मध्ये मुंबईत 'स्वीकार' हा समलिंगी आणि तृतीयपंथी मुलांच्या पालकांचा गट सुरू झाला. 2023 मध्ये लग्नाच्या हक्काचा खटला चालू असताना चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की आमच्या मुलांचं लग्न आमच्या डोळ्यांदेखत व्हावं. आपल्यासारख्याच आया त्या. त्यांनाही आधी चारचौघांची भीती वाटली असेल.

गटात लगेच काही मोठं करायला नको. येत्या गणपतीत एखादा मुलगा लावणी करेल, तेव्हा टाळ्या वाजवाच. दुसऱ्या दिवशी चौकात कुणी त्याला हाक मारून चिडवलं, तर जवळ उभ्या असलेल्या आपल्यातल्या एकीने फक्त एवढं म्हणावं, "काय रे, काल तर तूच शिट्ट्या मारत होतास." आपल्या गटातल्या दहा-बारा जणींनी हे केलं, तरी त्या पोराला गाव सोडावंसं वाटणार नाही. रात्रीच्या गाण्याने जो आडोसा दिला, तो दिवसा आपल्याला देता येईल.

बैठकीत यावर बोला. हसलात तरी चालेल, पण बोला.